घडीची कार्बाइन

ही केस अजून डोक्यातून जात नाही. पोलीस ठाण्यातली नाही, पेन्शनीनंतरची आहे, आणि यात तपास चुकला तो माझाच. कुणाचं नाव लिहीत नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून सुटलो. बायको गेली तसा मुलगा मला बहरीनला घेऊन आला. घरात बसून भिंती बघायचो, म्हणून त्याने ओळखीने एका खाजगी शूटिंग रेंजवर हत्यारांच्या कोठीवर लावून दिलं. काम ठाण्यासारखंच. सकाळी मोजायचं, संध्याकाळी मोजायचं, रजिस्टरला सही. लांब हत्यार दांडीला उभं, पिस्तूल कपाटात.

तिथले एक मेंबर, वयस्कर बहरीनी गृहस्थ, यांनी नवीन कार्बाइन घेतली. परवाना त्यांचा, पण हत्यार कोठीत ठेवायचं असा रेंजचा नियम. नऊ एमएमची, हलकी, मॅगझीन पिस्तुलाचंच. मला म्हणाले, "बाबा, तुम पोलीस था. मारो." दहा गोळ्या मारल्या. खांद्याला धक्का असा नाहीच, आणि सगळ्या तळहाताएवढ्या जागेत. ठाण्यातली आमची कार्बाइन तिसऱ्या गोळीला अडकायची. बायको गेल्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तिला सांगावं म्हणून फोन काढला, आणि मग आठवलं. पुढे कामात लक्ष लागेना. साफसफाई मदतनिसावर टाकून, संध्याकाळची मोजणी न करताच घरी गेलो.

सकाळी बघतो तर दांडीवर कार्बाइन नाही.

गेटवरच्या गार्डने खबर दिली, "साब, वो कल बस में बड़ा थैला लेके चढ़ा था." तो म्हणजे माझा मदतनीस. रत्नागिरीकडचा मुसलमान, पन्नाशीचा, दर्याकाठच्या हिद्द गावात खोली करून राहणारा. पुढच्या आठवड्यात लीव्हवर जाणार होता, मुलीचा निकाह होता.

त्याला चहाच्या खोलीत बसवलं. संशयिताला जागेवर फिरकू द्यायचं नाही, हे मी ठाण्यात शिकलो होतो.

"कार्बाइन कुठंय?"

"कपाटात हाय साहेब. साफ केली, घडी केली, ठेवली."

"बंदूक काय लुंगी आहे घडी करायला?"

"अवो, ती मधे दुमडते. मालकांनी दाखवलानी मला."

"मला शिकवतो? चाळीस वर्षं बंदुका बघतोय मी. थैल्यात काय होतं?"

"दूध पावडर. गावाला न्यायची."

मी जाऊन कपाट उघडलं. पिस्तुलांच्या पेट्या, आणि खाली एक करडी चपटी बॅग, ऑफिसवाले लॅपटॉप नेतात तसली. साफसफाईचं सामान असेल म्हणून उघडलीही नाही. डोळे अडीच फुटांचं हत्यार शोधत होते. परत येऊन म्हणालो, "नाही तिथं."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, कपाटात. तिसऱ्यांदा तो स्वतःच गोंधळला. "मग कोणी काढलान? मी... ठेवली ना मी?"

मला वाटलं, आता हा पडला. तो चेहरा मी नोकरीभर बघितलेला. आवाज खाली आणला. "हे बघ, कबूल कर. मॅनेजरला मी सांभाळतो, पोलिसांत जात नाही. पोरीच्या निकाहाला जाशील. नाहीतर व्हिसा खलास."

त्याने हात जोडले. "मीच नेली साहेब."

"कुठं आहे?"

"दर्यात टाकली. हिद्दला."

मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि जबाब लिहायला घेतला. त्याने वाचला नाही, सही केली.

दहाच्या सुमारास कार्बाइनचे मालक, ते बहरीनी मेंबर, आले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते कोठीत गेले, कपाटातून ती करडी बॅग काढली. आत कार्बाइन, नळी मागे दस्त्यावर वळवून अर्धी झालेली. त्यांनी ती उघडली, खट् आवाज झाला. "बाबा, ये इधर है. मफी मुश्किल, कोई बात नहीं." आणि हसत सुटले.

मला काही सुधरेना. बंदूक इथं, मग दर्यात काय टाकलं?

त्याला विचारलं, "का रे बाबा कबूल केलंस?"

"खरं तीनदा सांगितलं, तुम्ही ऐकलंत नाय. खोटं एकदा सांगितलं तर चहा मागवलात."

जबाब फाडला. तो निकाहाला जाऊन आला. आता रोज संध्याकाळी बसमध्ये चढायच्या आधी माझ्यासमोर थैला उघडतो. "बघा साहेब." मी नको म्हणतो, तरी दाखवतोच.

ठाण्यात असताना एक पाण्याची मोटर चोरीला गेली होती. मी एकाला आणलं, दोन दिवसांत त्याने कबूल केलं, म्हणाला विहिरीत टाकली. विहीर उपसली, चिखलाशिवाय काही निघालं नाही. मी तरी केस त्याच्यावरच ठेवली. गावात त्याचं नाव चोर पडलं ते पडलंच. तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, विहिरीत नाही, तर त्यानं घेतली कशावरून?" मी म्हणालो, "तू भाकरी बघ."

असे आणखी किती, आता मोजता येत नाही. कुणी पटकन कबूल केलं की शाबासकी मिळायची, एवढं आठवतं.

मोटरीच्या केसमधल्या त्या माणसाचं गाव मला माहीत आहे. तो आहे की नाही, माहीत नाही. मुलाला तिकीट काढायला सांगितलंय. समोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते सुचत नाही. बायको असती तर तिला विचारलं असतं, आणि या वेळी ऐकलं असतं.