वासुकीचं तोंड कोणाकडे?

वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद वाचणाऱ्या मंडळींनो, आज सकाळचीच गोष्ट आहे.

कापसातून सरकी काढणाऱ्या आमच्या जिनात मी कारकून. नव्या मॅनेजरसाहेबांना कामगारांपुढे बोलायचं होतं. मला पुराणं पाठ, म्हणून भाषण मीच लिहून दिलं: कारखाना म्हणजे समुद्रमंथन, सगळ्यांनी मिळून दोर ओढला तरच अमृत निघेल.

टाळ्या झाल्या. मग पुनाबाई उठली. यंत्रापाशी कापसाची धूळ खाऊन ती वर्षभर खोकते आहे.

"साहेब, तो दोर म्हंजे साप होता ना? त्याच्या तोंडातून इख निंगे. आमी तोंडाकडंच उभे हाओ. नाकाले बांधाले फडकं मांगून राह्यलो, काऊन देत नाई?"

साहेबांनी हसून सभा आटोपली. आत आल्यावर मला म्हणाले, "उद्यापासून ती बाई नको."

हजेरीतलं तिचं नाव मीच खोडलं. जाताना ती एवढंच बोलली, "बाबूजी, गोष्ट अर्धीच सांगतली तुमी."

उरलेली अर्धी मला ठाऊक होती, मंडळी: तोंडाकडून ओढणाऱ्यांना अमृताचा थेंबही मिळाला नाही. लिहिताना मीच ती गाळली होती. तुम्ही असता तर लिहिली असती?