संध्याकाळी सुटणारी पिल्लं

कासवं वाचवायला अंदमानला जायचं म्हटल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला तो असा : "काम तू करणार, अन् पैसे बी तूच देणार? हे कसलं काम?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचे. कपाशीचं, बाजरीचं बी वाळूच्या ट्रेमध्ये पेरायचं आणि उगवण कशी होते ते बघायचं, हे माझं काम. कॉलेजातली एक मैत्रीण आदल्या वर्षी तिथल्या एका बेटावरच्या शिबिरात राहून आली होती. शहरांतून माणसं येतात, स्वखर्चानं राहतात, किनारा झाडतात, कासवांच्या अंड्यांची राखण करतात, पिल्लं समुद्रात सोडतात, असं तिनं सांगितलं आणि मला राहवेना. मी तोवर समुद्रच पाहिला नव्हता.

दादांनी मंठ्याजवळची शेती धाकट्या भावाकडे सोपवून जुन्या जालन्यात धान्याचं दुकान टाकलं होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ते कुणाचा गहू घेत नसत. वर टपोरा अन् खाली किडका, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. आठवडाभर विचार करून ते म्हणाले, "जा. पण मी संगं येतो. काय करून राह्यले ते लोक, पाहू तर."

सिकंदराबादवरून चेन्नईला आणि तिथून जहाजानं निघालो. जहाजावर भाजीत काय आहे असं दादांनी विचारलं, तेव्हा वाढपी नुसताच हसला. त्यानंतर दादांनी सारा प्रवास धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढला.

बेट लहान होतं. बांबूच्या झोपड्या, स्वयंपाकाची एक शेड आणि किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जाळीनं वेढलेला वाळूचा तुकडा. उघड्या किनाऱ्यावर मादीनं घातलेली अंडी कुत्री आणि डुकरं उकरून खातात, म्हणून ती उचलून या जाळीत तेवढ्याच खोलीवर पुरायची. शिबिर चालवणारे गृहस्थ उत्तरेकडचे, उन्हानं काळवंडलेले, फार गोड बोलणारे. सगळे त्यांना सर म्हणत.

दादांनी जाळीभोवती एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेतलं. "अंडी गोळा करून राह्यले, कुंपण घालून राह्यले, राखण करून राह्यले. अन् म्हणं विकत न्हाई! माय, हे तर पोल्ट्रीवाल्यावाणी झालं."

"दादा, हळू बोला."

"मराठी कुणाला समजतं इथं?"

पुण्याचं एक जोडपं आमच्या मागेच उभं होतं. ते हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काम मात्र मला आवडलं. उजाडताच किनाऱ्यानं चालत जायचं. मादी येऊन गेली असली की वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी दिसायची. एका सकाळी जाळीतली वाळू खचली आणि आतून काळी पिल्लं एकावर एक चढत वर आली. सरांनी त्यातलं एक माझ्या तळहातावर उलटं धरलं. पोटावर फिकट चिरेसारखी खूण होती. "अंड्यातल्या पिवळ्या बलकाची ही जागा," ते म्हणाले. "थोड्याच दिवसांत भरून येते. तेवढ्या शिदोरीवर पिल्लू न थांबता खोल पाण्यापर्यंत पोहतं." मला पटकन समजलं. बियाचंही तसंच असतं. मूळ धरेपर्यंतचं जेवण ते पोटात घेऊन येतं, त्यानंतरचं त्याचं त्यानं बघायचं.

सरांनी ती पिल्लं बादलीत भरली. लगेच सोडू, म्हणाले. बादली मात्र समुद्राकडे न जाता शेडच्या मागे गेली.

तिथून माझ्या मनात किडा शिरला. नवी माणसं घेऊन बोट येई त्याच दिवशी संध्याकाळी पिल्लं सुटायची. सर म्हणायचे, "तुमचं नशीब चांगलं, आजच निघाली." लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. बोट नसेल त्या संध्याकाळी किनारा रिकामा. आमच्या प्रयोगशाळेत साहेब येणार म्हणून बी कधी मुद्दाम उगवत नाही. उगवलंच, तर कुणीतरी हात लावलाय असं समजायचं.

दुपारी सगळे झोपले असताना मी शेडमागे गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओल्या पोत्यानं झाकलेला एक टब होता. आत पिल्लं कडेकडेनं गोल गोल पोहत होती. मी एक उचलून उलटं केलं. पोट गुळगुळीत. दुसरं पाहिलं, तेही तसंच. ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेली रोपं पांढुरकी, लांबलचक होतात आणि मातीत लावली की माना टाकतात. तशीच ती वाटली मला.

दादांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "म्या म्हनलं न्हवतं? विकायलाच ठेवलेत!" दुसरा सगळा दिवस ते बोटीच्या धक्क्यावर पाळत ठेवून बसले. एकही पिल्लू बोटीत चढलं नाही. संध्याकाळी ते जरा हिरमुसलेलेच परत आले.

नवी बोट आली त्या दुपारी आम्ही दोघं सरांना गाठायला गेलो. ते टबातलं पाणी बदलत होते. मी हिंदीत विचारलं, "ही पिल्लं कधीची आहेत, सर?"

"आजचीच."

"पोटावरची खूण भरून आलीय. तुम्हीच दाखवली होती."

त्यांनी पोतं नीट पसरलं, मग म्हणाले, "चार-पाच दिवसांची असतील. लोक एवढ्या लांबून येतात. पिल्लं न बघता गेले तर पुढच्या वर्षी कोण येईल? कुणी आलं नाही तर राखणदार कशावर ठेवू? आणि राखण नसली, तर या किनाऱ्यावर एक घरटं शिल्लक राहत नाही. काही पिल्लं अशक्त होतात, मान्य आहे. बाकीची तर वाचतात."

"हे लोकांना सांगता?"

"सांगितलं तर बघायला राहील काय?"

दादा पुढं झाले. "हमकू एक बात सच बताव. बेचते तो नहीं ना?"

"नहीं," सर त्यांच्याकडे बघत म्हणाले.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "मानूस चोर न्हाई."

मला राग आला. "तुम्ही पोत्यात हात घालणारे! आज तुम्हीच असं म्हणता?"

"घातला की हात. खाली बी गहूच हाय. जरासा जुना, एवढंच."

मला ते पटलं नाही. संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर जमले, सर टब घेऊन आले, तेव्हा मी मोडक्या हिंदीत सांगून टाकलं : ही आजची नाहीत, आपल्यासाठी राखून ठेवलेली आहेत, यांची ताकद इथंच संपतेय. कॅमेरे खाली आले. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "पण आता सोडायचीच आहेत ना?" थोड्या वेळानं कॅमेरे पुन्हा वर गेले.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून स्वतःच टब कलता केला. काही पिल्लं सरळ पाण्यात गेली. काही मध्येच थांबली, डोकं वर करून पडून राहिली. एकाला लाट दोनदा परत आणून टाकत होती. बगळे जवळ सरकले, तेव्हा दादा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, छत्री परजत त्यांच्या मागे धावले. टाळी कुणी वाजवली नाही.

पुढचे दिवस सर माझ्याशी गरजेपेक्षा जास्त नम्रपणे बोलत. टब शेडमागून नाहीसा झाला. मी झोपड्यांमागे, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीखाली, जिथं जिथं जाता येईल तिथं पाहिलं. सापडला नाही. त्यांनी ते बंद केलं की फक्त जागा बदलली, हे मला कधीच समजलं नाही.

वर्षभरानं त्या मैत्रिणीचा फोन आला. शिबिर बंद झालं होतं. लोक यायचे थांबले म्हणून, असं काहीजण म्हणत होते. सरकारनं परवानगी काढून घेतली म्हणून, असं काहीजण. "तुला सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" तिनं विचारलं. मी विचारलं, "आता अंडी कोण राखतं?" तिला माहीत नव्हतं.

दादा मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या पोरीनं समुद्रातली कासवं वाचवली." मी आत बसून ऐकायचे. ते हे मनापासून म्हणत, की मला ऐकू जावं म्हणून, याचा अंदाज मला आजही येत नाही.