कुंकवाची डबी आणि तीन वर्षं

महिला पोलीस मूठ उघडायला आली तशी अक्का ठाण्याच्या फरशीवर बसली आणि मूठ पोटाशी धरून वाकली. माझी थोरली बहीण, सत्तरी उलटलेली, अंगावर रेशमी लुगडं. मुठीत पितळेची कुंकवाची डबी. ती तिने भांड्यांच्या दुकानातून चोरली, असं दुकानदाराचं म्हणणं होतं. कॅमेऱ्यात तसं दिसतही होतं.

अक्काला ती चोरी वाटतच नव्हती. तमिळ आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या, शुक्रवारी त्या दुकानाचा म्हातारा मालक दाराशी ताट ठेवी. सवाष्णींनी विडा, हळकुंड आणि एक डबी घ्यायची. त्यासाठी अक्का दरवर्षी तिरुविडैमरुदूरहून बसने कुंभकोणमला यायची. मालक वारला, मुलाने ताट बंद केलं. अक्काने फळीवरची डबी उचलली, कपाळाला लावली आणि चालू लागली. मी तेव्हा रस्त्यावर फुलं घेत होते.

इन्स्पेक्टरने तमिळमध्ये समजावलं. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण वस्तू पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केली, तर तुरुंग नाही, समाजसेवा. ती कसली, असं मी विचारलं. झाडलोट, दवाखान्यात काम, कोर्ट सांगेल ते, म्हणाला. दुकानदार म्हणाला, डबी द्या, माफी मागा, मी तक्रारच देत नाही.

अक्का देईना. भावोजी घरी अंथरुणावर होते, छातीत पाणी झालेलं. मिळालेलं कुंकू परत केलं की नवरा जातो, हे तिच्या डोक्यात पक्कं. मला एका जागी बसवेना. दाराशी जायचे, परत यायचे. भावोजींजवळ शेजारीण बसवली होती. माझा फोन वाजला की अक्का माझ्या तोंडाकडे बघायची.

इन्स्पेक्टर वैतागला, तरी तिला आजीच म्हणाला. "पाट्टी, ह्या वयात जेलात जाणार?"

"जाते की. तिथे मला कुणी तरी वाढेल."

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि आमच्या घरच्या मराठीत बोलले. "तू आत गेलीस तर भावोजींना औषध कोण देणार? ही डबी?"

"माझ्या हाताने देणार नाही."

"मग माझ्या हाताने देते. माझा नवरा कधीच गेला. आता कोण जायचंय?"

तिची बोटं सैल झाली. मी डबी दुकानदारापुढे ठेवली. माफीही मीच मागितली, तिने मागितली नसती. त्याने डबी पंच्याला पुसून खिशात टाकली. केस झाली नाही.

बसमध्ये ती माझ्यापासून लांब, पुढच्या बाकावर बसली. पुढे कित्येक दिवस भावोजींच्या छातीवर हात ठेवून बसायची, श्वास बघत. मी खोलीत आले की उठून जायची.

भावोजी त्या दुखण्यातून उठले. अक्का दिवाळीच्या आधी सवाष्णच गेली. भावोजी आहेत, मी आहे.