सतरा पायऱ्यांचं चॉकलेट

आमच्या चॉकलेटांची नावं बायकोने ठेवली होती. मला भाव कळायचा, नावांतलं काही कळत नव्हतं. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत ती गरम पाण्यावर पातेलं ठेवून चॉकलेटच्या लाद्या वितळवायची, आणि मी डबे स्कूटरला बांधून दुकानं पालथी घालायचो. दुकानदार नावं वाचून हसायचे. मी भांडायचो.

संत्र्याच्या सालीचं ते 'दुसरी घंटा'. शाळेत दुसरी घंटा होईपर्यंत ती संत्र्याची गोळी गालात पुरवायची. काजू-गुळाचं 'वारजे', कारण तिथे पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा सगळी शेतं होती आणि एका बाईने आम्हाला गूळ-पाणी दिलं होतं. आतून मऊ असलेलं 'हळू बोला'. त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती, माझा आवाज तीन मजले ऐकू जातो. चौथं बिनदुधाचं, कडू, वर मिठाचे चार कण. त्याचं नाव 'सतरा पायऱ्या'. आमच्या जिन्याला चौदा होत्या. मी विचारलं, तर सवडीने सांगेन म्हणाली.

मग हिंजवडीत कंपन्या आल्या आणि एकीने दिवाळीच्या डब्यांसाठी बोलावलं. घासाघिशीची माझी एक रीत आहे. शेवटी काय सोडायचं हे आत जाण्याआधीच ठरवायचं, म्हणजे समोरच्याला जिंकल्यासारखं वाटतं. एरवी मी रिबीन सोडायचो, नाहीतर पोहोचवण्याचं भाडं. त्या दिवशी स्कूटरवरच ठरवलं, नावं सोडायची.

पुढे कित्येक वर्षं मी सांगत आलो की कंपनीच्या त्या खरेदीवाल्या पोराने आमची नावं गिळली. त्याच्या गेटवरून जाताना आजही माझं डोकं तापतं. पण त्याने नावांचा विषय काढलाच नव्हता. भाव अडला तेव्हा मीच म्हणालो, नावं तुमच्या पसंतीची टाकू. तो खूश झाला. त्याने तिथल्या तिथे चार इंग्रजी नावं लिहून दिली.

घरी आलो तेव्हा ती कापसाने साचे पुसत होती. मी सगळं सांगितलं.

"चारही?" तिने विचारलं.

"चारही. भाव मात्र आपलाच राहिला." ती पुसतच राहिली, तेव्हा मी म्हणालो, "ते सतरा पायऱ्यांचं काय होतं, ते तरी सांग."

"अहो, नावच राहिलं नाही. अर्थ कशाला हवाय आता?"

माझं डोकं फिरलं. "चॉकलेटं आहेत ती. बारसं थोडंच केलं होतं त्यांचं?"

आम्हाला मूल नव्हतं. बोललेला भाव मी शंभर वेळा फिरवला आहे, पण हे वाक्य फिरवता आलं नाही.

वारज्याला कारखाना झाला, यंत्रं आली. ती रोज यायची, चव बघायची, पण पुन्हा एकाही चॉकलेटला तिने नाव दिलं नाही. शेवटच्या आजारात मी परत विचारलं. तिने पांघरूण वर घ्यायला सांगितलं. ती गेली. मला राग आला होता, अजून आहे. एवढं तरी सांगून जायचं.

तेव्हापासून मी जिने मोजतो. तिच्या माहेरचा नऊ, शाळेचा बावीस. मागच्या महिन्यात सदाशिव पेठेत खोके बनवणाऱ्याकडे गेलो होतो, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. सतरा भरल्या. खाली उतरून रस्त्यावरचं दार बघितल्यावर ओळख पटली. वर पूर्वी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मूल व्हावं म्हणून ती सहा वर्षं तिथे जात होती.

हाच जिना असेल असं नाही. पुण्यात सतरा पायऱ्यांचे जिने पुष्कळ असतील. पण या जिन्याने मी तेव्हा एकदाही वर गेलो नव्हतो. तिला सोडून खाली स्कूटरपाशी उभा राहायचो, आणि उशीर झाला की हॉर्न वाजवायचो.