साक्षगंधातला गार वारा

ऐका, पण चहा आधी खाली ठेवा. माझी अक्कल भर मांडवात कशी उडाली, ते सांगतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिथवर ठीक आहे हो! पण गेल्या मे महिन्यात सावली गावात माझ्या धाकट्या साळीचं, म्हणजे मेहुणीचं, वैशूचं साक्षगंध होतं, साखरपुडा हो. आमच्याकडचा मे म्हणजे विचारूच नका! त्यात लाइट गेली. कूलर बंद. पाहुणे घामानं निथळले.

नवरदेवाचे वडील वैतागले, "काऊन भाऊ, उकडून खाता का आमाले?"

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "जवाईबापू, काईतरी करा न! उठून जातीन हे लोक."

दुसरा कोणी असता तर हातपंखे वाटले असते. मी सायन्स काढलं!

मांडववाल्यानं कोपऱ्यात आग विझवायचं लाल नळकांडं ठेवलं होतं, कार्बन डायऑक्साइडचं. ते उचलून मी चक्क भाषण ठोकलं, "आत गॅस दाबून कोंबलेला असतो. भोंग्यातून बाहेर आला की दाब एकदम उतरतो, गॅस फुगतो आणि थंडगार होतो. फुकटचा एसी!"

"जोरात तं नाई येत न?" नवरदेवाच्या वडिलांना शंका.

"छे! दाबच उतरला, तर जोर कुठून राहणार?"

आता बघा, माझी पदवी इथं पाण्यात गेली. दाब उतरतो, खरं आहे. गार होतो, तेही खरं. पण उतरलेला दाब काय घरी जाऊन झोपतो? त्याचाच तर वेग होतो! हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. त्या दिवशी फळा नव्हता ना!

पिन काढली, दांडा दाबला. भस्साऽऽऽक!

अक्षता उडाल्या. कुंकवाचं ताट उडालं. नवरदेवाच्या वडिलांची टोपी मांडव ओलांडून गेली! सगळीकडे पांढरा धूर. कोणीतरी बोंबललं, "सिलिंडर फुटला बे! पळा!"

अख्खं वऱ्हाड शेजारच्या धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून धावत सुटलं. भोंगा असा गारठला की मीही हात झटकून नळकांडं टाकलं.

धूर निवळला. खुर्चीवर एकटी नवरदेवाची आजी. डोक्यावर गॅसच्या बर्फाची पांढरी भुकटी, गालांवर कुंकू. मी धावत गेलो. "बाई, लागलं का हो?"

"लागन कायले? जीव गार झाला, बाप्पा! आखीन एकडाव मार न!"

तिकडे सासूबाई रडायच्या बेतात. जमलेलं मोडलं, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात कोणीतरी बोट दाखवलं. पळताना नवरदेवानं वैशूचा हात धरला होता. दोघं मोहाच्या झाडाखाली उभे, हसून हसून बेजार. हात काही सुटला नव्हता!

नवरदेवाचे वडील टोपी झटकत परतले. "पोरगी पसंद हाये. लग्न पक्कं." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण एक अट हाये. लग्नाच्या दिवशी हा मास्तर आमच्या ताब्यात पायजे."

लग्नात त्यांनी खरंच दोन धट्टेकट्टे पुतणे मला चिकटवले. मी पाणी प्यायला उठलो, तरी ते उठायचे.

अल्बम बघा हवं तर. नवरदेवाजवळ एक करवला आहे. माझ्याजवळ दोन!