पळपुट्याचं माप

मला कुणी सिस्टर म्हटलेलं खपायचं नाही. मी डायलिसिस टेक्निशियन. रीतसर परीक्षा देऊन झालेली, मशीन उघडून परत जोडता येणारी. पण पांढरा कोट घातलेली बाई दिसली की लोकांच्या तोंडून ‘सिस्टर’च निघतं. बाकीच्यांना मी एकदा सांगायची, दोनदा सांगायची, मग नाद सोडायची. मास्तरांनी मात्र मी चिडते हे पहिल्याच दिवशी हेरलं आणि पुढची पाच वर्षं मुद्दाम, अगदी गोड आवाजात, ‘ओ सिस्टर’ अशीच हाक मारली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस. काडीसारखे बारीक, शर्टाला एक सुरकुती नाही, खिशात मापाची छोटी वही आणि कानावर पेन्सिल. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण वही आणि पेन्सिल काही सुटली नाही. वॉर्डात आले की आधी माझ्या कोटाकडे बघायचे. “डावा खांदा उतरलाय, सिस्टर. कुणी शिवला हा? त्याला आत टाका.”

आमचा जुना वॉर्ड तळमजल्यावर होता. चार खुर्च्या, चार मशिनं, दारात वजनकाटा. पाणी शुद्ध करायचं यंत्र भिंतीपलीकडे दिवसभर गुणगुणायचं. खिडकीतून फक्त मागच्या इमारतीची भिंत आणि एक गंजका पाइप दिसायचा. आता नवी इमारत झाली आहे, प्रत्येक खुर्चीला स्वतःचा टीव्ही आहे, जो तो कानात बोंडं घालून बसतो. शेजारच्याला मुलं किती हेही कुणाला ठाऊक नसतं. सगळं चकाचक आहे, आणि मला मेलं तिथे अजून करमत नाही.

बुधवार-शनिवारच्या दुपारच्या पाळीला कायमचे तिघे. पहिल्या खुर्चीवर मास्तर. दुसऱ्या खुर्चीवर एकेकाळी बस चालवणारे ड्रायव्हरदादा, आडदांड गडी, किडनी गेली तरी आवाज गेला नव्हता. तिसऱ्यावर हेडबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. मशीनने बीप केलं तरी त्या माझ्याकडे असं बघायच्या की जणू मीच वर्गात शिट्टी मारली. चौथी खुर्ची येणाऱ्या-जाणाऱ्यांची.

डायलिसिस म्हणजे चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही, उजवा मोकळा. चार तास म्हणजे चार तासच, कारण अंगात साठलेलं पाणी त्याआधी नीट निघत नाही, आणि उरलेलं पाणी छातीत चढतं. हे मास्तरांना मी शंभरदा सांगितलं होतं. त्यांची बायको होती तोवर ती बाजूच्या स्टुलावर बसून स्वेटर विणायची आणि हे उठायला लागले की नुसती सुई वर करून दाखवायची. मास्तर गप्प बसायचे. ती एका आठवड्याच्या तापाने गेली, आणि मग मास्तर आटोपतं घ्यायला लागले. आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास.

“काढ गं सुया. झालं माझं.”

“काही झालं नाही. पन्नास मिनिटं आहेत.”

“छताकडे बघून काय करू? हात थरथरतो, शिवता येत नाही. घरी गेलो तर घर खायला उठतं, इथे बसलो तर हे छत.”

आमची कडाक्याची भांडणं व्हायची. माझ्या नाकावर राग, त्यांच्या जिभेवर. एका बुधवारी ते वजनकाट्यावर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “सिस्टर, पुढच्या महिन्यापासून मी येत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही.” येत नाही म्हणजे काय होणार हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता, पण मी त्यांचं वजन तक्त्यात एकाखाली एक दोनदा लिहिलं.

त्या दिवशी ड्रायव्हरदादांनी आपला जुना फोन आणला होता. एका कोपऱ्यात काच तडकलेली. शेवटच्या थांब्यावर पुढची फेरी सुटेपर्यंत ते त्यावर एक खेळ खेळायचे. टेकड्यांवरून एक बाहुला पळतो, आपण बोट टेकवलं की उडी मारतो, बस्स. शत्रू नाही, घाई नाही, वेगही वाढत नाही. हलकं संगीत वाजत राहतं, आभाळाचा रंग बदलतो, संध्याकाळ होते, चांदण्या येतात, पुन्हा सकाळ होते. शेवट असा नाहीच. घळीत पडला तरच संपतो. कोपऱ्यात किती मीटर पळाला तो आकडा. आणि बाहुल्याच्या गळ्यात लाल मफलर, प्रत्येक सकाळी तो इवलासा लांब व्हायचा.

“हे घ्या मास्तर, एका अंगठ्याचं काम आहे,” ड्रायव्हरदादा म्हणाले.

मास्तरांनी नाक मुरडत फोन घेतला. “हा पळपुट्या कोण? पँट बघा, गुडघ्यात किती ढगळ! कुठल्या अडाण्याने बेतली?” पण हातातून फोन सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “हे आभाळ बघितलं का? संध्याकाळचं. असल्या रंगाचं अस्तर मी एकदा लावलं होतं. गिऱ्हाइकाला आवडलं नाही. हिला आवडलं होतं.” मी घड्याळाकडे बघितलं. चार तासांवर सात मिनिटं होऊन गेली होती, आणि ‘काढ सुया’ म्हणून ओरडा झाला नव्हता.

शनिवारी त्यांनीच टूम काढली. एकच डाव सगळ्यांनी मिळून पळवायचा. प्रत्येकाने पाच-सात मिनिटं खेळायचं, थांबवायचं, पुढच्या खुर्चीला द्यायचं. फोन बंद करायचा नाही, रात्रंदिवस माझ्या टेबलावर चार्जरला. मग म्हणाले, “आणि ऐका. हा पळपुट्या पळतोय तोवर मी येतो, पुरे चार तास बसतो. हा पडला की मला कुणी अडवायचं नाही. कबूल?”

“कबूल,” ड्रायव्हरदादा हसत म्हणाले. त्यांना गंमत वाटली. हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना गंमत वाटलेली नव्हती.

“कसलं कबूल?” मी कडाडले. “उपचार आहेत हे, पैज नाही!”

“मग पाडू नका,” मास्तर म्हणाले.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. तीन म्हातारी माणसं डोळ्यांत तेल घालून एका बाहुल्याला जपत होती. ड्रायव्हरदादा घळ आली की उजवा पाय खुर्चीवर दाबायचे, ब्रेक म्हणून. हेडबाई वाटेतली नाणी कधी उचलायच्या नाहीत. “फुकटचं बघून धावलं की पाय घसरतो,” असं त्याला बजावत खेळायच्या. मास्तर खेळताना श्वास लांब व्हायचा, खांदे खाली यायचे. खेळून झालं की त्यांचं बीपी आठ-दहाने उतरलेलं असे. मी तक्त्यात लिहायची. डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं का? मी म्हटलं, नाही, टेकड्या. मास्तरही आपली पाळी झाली की वहीत काहीतरी टिपायचे. मला वाटायचं, बीपीच लिहीत असतील.

सात आठवडे पळपुट्या पडला नाही. आकडा लाखावर गेला. मफलर एवढा लांबला की ड्रायव्हरदादा म्हणाले, कुठेतरी काट्यात अडकून हा फासावर जाणार.

आणि मग मी घाण केली.

एका खुर्चीवरची वस्तू दुसऱ्या खुर्चीवर द्यायची तर स्पिरिटने पुसूनच द्यायची, हा वॉर्डाचा नियम. फोनसुद्धा. आधी बाजूचं बटण दाबून पडदा काळा करायचा, मग बोळा फिरवायचा. सात आठवडे मी हे न चुकता केलं. त्या बुधवारी हेडबाईंकडून फोन घेतला आणि तेवढ्यात ड्रायव्हरदादांचं मशीन कोकलायला लागलं. माझं डोकं भणाणलं होतं, सकाळपासून हे तिसऱ्यांदा. मी मशीनकडे बघत बघतच पडद्यावरून ओला बोळा फिरवला. पडदा चालूच होता. फिरला तो बोळा, पण खेळाला वाटलं बोट. खाली बघितलं तर पळपुट्या घळीच्या तळाशी आडवा.

मास्तर डोळे मिटून पडले होते. हेडबाईंनी मात्र बघितलं होतं. त्या मुख्याध्यापिका बाईंनी, आयुष्यात खोटं न बोललेल्या बाईंनी, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या ट्रेमधल्या चिकटपट्टीकडे डोळ्यांनी खूण केली. मी पाठमोरी होऊन नवा डाव सुरू केला, पट्टीचा तुकडा फाडला आणि आकड्यावर चिकटवला.

मग फोन मास्तरांच्या हातात दिला.

“ही पट्टी कसली?”

“डॉक्टरांनी सांगितलंय,” हेडबाई तिसऱ्या खुर्चीवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आकडा बघून रक्तदाब वाढतो.”

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. “डोळ्यांत काय गेलं, सिस्टर?”

“स्पिरिट,” मी म्हटलं.

“जपून पुसत जा,” ते म्हणाले, आणि खेळायला लागले. चार तास पुरे बसले. जाताना वहीत टिपलं आणि कानावर पेन्सिल ठेवली.

मधले दोन दिवस मला घास गोड लागला नाही. कळलं असेल का? शनिवारी दोन वाजता मी वजनकाट्यापाशी उभी. दोन पाच. दोन दहा. मुलीचा नंबर शोधायला मी टेबलाकडे वळले आणि मागून आवाज आला, “ओ सिस्टर, काटा मोकळा करा.”

हातात कापडाची खोळ होती. फोनची. समोर पारदर्शक प्लॅस्टिक, कडेने हाताने घातलेले टाके, वेडेवाकडे, काही दुहेरी. “थरथरत्या हाताने शिवली, नावं ठेवायची नाहीत. आता पुसायचं ते प्लॅस्टिकवरून. स्पिरिटने काच खराब होते.” मला एवढंच सुचलं की बरं झालं बाई, यांना काही कळलं नाही. कोटाला नावं ठेवणारा माणूस, आणि मी त्याला एक चिकटपट्टी दाखवून गप्प केलं, अशी माझी हुशारी!

त्यानंतर मास्तर साडेतीन वर्षं आले. एकही शनिवार चुकला नाही, एकही मिनिट कमी नाही. पळपुट्या त्यात कितीदा तरी पडला. हेडबाईंकडून, दादांकडून. आम्ही डोळ्यांनी खुणा करायचो आणि पट्टीआड नवा डाव लावायचो. लबाडीची एवढी सवय झाली की हेडबाईंना त्यात मजा यायला लागली. मग एका थंडीत, मंगळवारी पहाटे, मास्तर घरीच झोपेत गेले. बुधवारी पहिली खुर्ची मी पुसून ठेवली, सवयीने फोन काढला आणि कुणाला द्यावा ते कळेना.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी आली. तिच्या हातात ती वही.

“ताई, एक विचारायचं होतं. बाबांनी तर दुकान कधीच बंद केलं होतं. पण हे एक गिऱ्हाईक सापडलं. दर बुधवारी आणि शनिवारी माप घेतलंय. पळपुट्या नाव आहे. नुसता मफलरच. काही शिवायचं राहून गेलंय का त्याचं? नावापुढे दवाखान्याचा पत्ता होता म्हणून आले.”

मी वही घेतली. बारीक, सुबक अक्षर. तारीख, आणि पुढे इंचांत माप. पाव इंच, अर्धा, पाऊण. आकडा आम्ही झाकला होता, पण मफलर पडद्यावर उघडाच होता, आणि चाळीस वर्षं नजरेने कापड मोजलेल्या माणसापुढे तो दर नव्या डावात आखूड होऊन यायचा! आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

मी पानं उलटली. ‘पाव इंच. ड्रायव्हर. ब्रेक लागला नाही.’ ‘पाव इंच. हेडबाई. चेहरा बघण्यासारखा.’ ‘पाव इंच. आज मीच पाडला. कुणाला कळलं नाही.’ मला हसू फुटलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

मग तो बुधवार सापडला. आधीच्या ओळीत दोन इंच होते.

‘पाव इंच. टेक्निशियनने पाडला. रडत होती. शनिवारी यायचं.’