तीनदा विचारलं तेव्हा

माझा मुलगा श्रीलंकेला असतो. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. लोक म्हणतात, कंपनीत आहे काय? मी मान हलवते आणि मशीनवर पुन्हा फॉल लावायला लागते. तो तिथं भिक्षू झाला आहे, हे सांगायला गेलं की पुढचे प्रश्न येतात, आणि पुढच्या प्रश्नांचीच मला भीती.

सुरुवात दहा दिवसांची होती. आमच्या वस्तीतल्या विहारात दर वर्षी श्रामणेर शिबिर होतं. पोरं मुंडन करतात, चीवर घालतात, दहा दिवस भंतेंसारखी राहतात आणि अकराव्या दिवशी घरी येऊन आपली पँट चढवतात. त्याचे बाबा खापरखेड्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे होते. ते जाऊन वर्ष झालं होतं. पोरगा घरात कोणाशी बोलत नव्हता. मला वाटलं, मन शांत होईल. मी त्याची जीन्स धुऊन, इस्त्री करून ठेवली. तो आला, ती घातली आणि कोपऱ्यावर मित्रांसोबत तर्री-पोहे खायला गेला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी तो पावसाळ्याचे तीन महिने विहारात राहिला.

"पँट धुऊन ठेवू काय?" मी विचारलं.

"ठेव," तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी तो चीवर घालूनच घरी आला. श्रीलंकेला जायचं होतं, पाली शिकायला. "दोन वर्षांचंच हाय आई. शिकतो अन् येतो." मी पुन्हा पँटचं विचारलं.

"कोणाले देऊन दे," तो म्हणाला.

तेव्हाच कळायला हवं होतं.

चीवर घातलेल्या मुलाला आईच वंदन करते. त्याला तू म्हणायचं नाही, हात लावायचा नाही. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं. पण गुडघे टेकून खाली वाकले तेव्हा समोर त्याचे पाय आले. डाव्या अंगठ्यावर सायकलच्या चेनमध्ये सापडल्याचा वण. त्या दिवशी त्या अंगठ्याला हळद मीच लावली होती.

निरोपाच्या दिवशी विहारात पन्नास-साठ माणसं होती. वंदना झाली आणि मोठे भंते म्हणाले, "तिथं यांची उपसंपदा होईल. म्हणजे हे कायमचे भिक्षू होतील. आईवडिलांच्या परवानगीशिवाय ती होत नाही. वडील नाहीत, आई इथं बसल्या आहेत. मी तीनदा विचारतो. परवानगी असेल तर गप्प राहा. नसेल तर बोला."

कायमचे हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

मी चार माणसांत कधी बोललेली नाही. महिला मंडळात नाव सांगायची पाळी आली तरी शेजारणीला सांगायला लावते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी काही लपवलं की असेच व्हायचे. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझी जाऊ कानाशी लागली, "काही बोलाचं हाय का वं तुले?" मी पदर तोंडाला लावला. तिसऱ्यांदा 'नको' अगदी दातांपर्यंत आला. वर पंखा कुरकुरत होता, आणि एवढ्या माणसांत मला एकटीला तोच ऐकू येत होता.

मग परवानगी मिळाली म्हणून सगळे एकदम म्हणाले, साधु, साधु, साधु.

बायका जवळ आल्या. "नशीबवान आहेस वं बाई. पोरगा धम्माले दिला." मी काही दिला नव्हता. मला फक्त बोलता आलं नव्हतं.

स्टेशनवर मी तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन गेले. गाडी तीनची होती. डबा पुढे केला तर तो म्हणाला, "आई, बारा वाजून गेले." दुपारनंतर ते जेवत नाहीत, हे मी विसरलेच होते. पहाटे उठून तळलेल्या पुऱ्या. "उद्या सकाळी खाऊन घ्याल," मी म्हटलं. त्यानं डबा घेतला. खिडकीत बसल्यावर तो मांडीवरच धरून होता.

दोन वर्षं होत आली आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"आई, चार दिवसांनी उपसंपदा हाय. त्या दिवशी विहारात तू गप्प बसली, ते मनापासून बसली ना? नसन तर आता सांग. मी वापस येतो."

मी म्हटलं, "जेवले काय?"

"आई, संध्याकाळचे सहा वाजून राहिले." तो हसला. दोन वर्षांत मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. बाबा गेल्यावर घरात तर नाहीच.

"आई?" तो पुन्हा म्हणाला.

या वेळी चार माणसं नव्हती. मी होते, मशीन होती, पायाशी कोणाची तरी अर्धी फॉल लावलेली साडी होती. बोलले असते तर तो आला असता. हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तोंड उघडेना. आला असता, जीन्स घातली असती, कुठंतरी कामाला लागला असता, आणि घरात पुन्हा कोणाशी बोलला नसता.

मी गप्प राहिले. मग तो हळूच म्हणाला, "साधु."

काल सकाळी तिथं त्याची उपसंपदा झाली. इथं मी ती जीन्स धुतली. मी ती कोणालाच दिली नव्हती. वाळल्यावर इस्त्री केली, घडी घातली, आणि घडी हातात घेऊन उभी राहिले. ती आता कुठं ठेवायची, ते सुचेना.